आधी जवान, मग साहेब: पहिली पोस्ट कोणती घ्यावी?

डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत १ ऑक्टोबर १९३२ रोजी पहिली तुकडी दाखल झाली, तेव्हा तिच्यात चाळीस कॅडेट होते. पंधरा खुल्या परीक्षेतून आलेले, दहा संस्थानांच्या फौजांमधले आणि उरलेले पंधरा थेट पलटणींमधून, म्हणजे आधी अंगावर शिपायाची वर्दी चढवून मग अकॅडमीच्या दारात उभे राहिलेले. या एका तुकडीने पुढे तीन देशांना लष्करप्रमुख दिले. भारताचे सॅम माणेकशॉ सगळ्यांना ठाऊक असतात. पाकिस्तानचे मोहम्मद मुसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन ही नावे फारशी कोणाच्या तोंडी नसतात आणि गंमत अशी, की तिघांपैकी हे दोघे शिपाईगिरीतून वर आले होते. मुसा भरती झाले ते हजारा पायोनियर्स या पलटणीत. पायोनियर म्हणजे रस्ते खणणारे, वाट काढून देणारे, वेळ पडली तर बंदूक उचलणारे. ती पलटण १९३३ साली सरकारने मोडीतच काढली. ज्या पोस्टवर मुसांनी सुरुवात केली, ती पोस्टच उरली नाही, आणि त्यांचे त्यावाचून काही अडले नाही.

हे आठवायचे कारण, कोल्हापूर, सातारा, सांगली, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर आज पावलापावलावर ज्या भरती अकॅडम्या दिसतात, तिथे पहाटे सोळाशे मीटर पळणाऱ्या पोरांत एक प्रश्न कायम घोळत असतो. ऑफिसर व्हायचे आहे; पण घरची परिस्थिती अशी, की आधी भरती होणे भाग आहे. मग जीडीला (जनरल ड्यूटी) जावे, क्लार्कचा फॉर्म भरावा, टेक्निकल धरावे की मिळेल ते घ्यावे? कोणत्या पोस्टवरून साहेब होणे सोपे? सल्ला द्यायला गावातले निवृत्त सुभेदार असतात, सुट्टीवर आलेला मावसभाऊ असतो, अकॅडमीचे सर असतात, आणि प्रत्येकाचा सल्ला स्वतःच्या नोकरीएवढाच रुंद असतो. ज्याने ऑफिसात कलम चालवली तो क्लार्क म्हणतो, ज्याने सीमेवर दिवस काढले तो जीडी म्हणतो.

उत्तर शोधण्याआधी एक कडू गोष्ट सांगून टाकायला हवी. अधिकारी होणे हेच पहिले ध्येय असेल आणि वय हातात असेल, तर जवान म्हणून भरती होणे ही लांबची वाट आहे. एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, शिक्षण बारावी किंवा बारावीला बसलेला. लष्कराच्या शाखेला कोणतीही विद्याशाखा चालते. नौदल-हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. परीक्षा वर्षातून दोनदा. लेखी नऊशे गुणांची, त्यात गणित तीनशे आणि सामान्य क्षमता चाचणी सहाशे. मग एसएसबीचे, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या मुलाखतीचे, नऊशे. पदवी घेतली तर सीडीएस, म्हणजे कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेसची परीक्षा आहे: डेहराडूनसाठी चोवीसपर्यंत, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी पंचविसापर्यंत. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या पदवीधराला तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावणे येऊ शकते.

महाराष्ट्रात याची तयारी सरकारी खर्चाने करून घेणारी सोयही आहे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, जिला सगळे एसपीआय म्हणतात, १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था अलीकडे सुरू झाली. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे. एनडीए खडकवासल्याला, म्हणजे आपल्या अंगणात. तरी मराठी मुलगा तिच्या प्रवेश परीक्षेकडे पाठ फिरवून भरतीच्या ग्राउंडवर धावतो. याला आत्मविश्वासाचा अभाव, इंग्रजीची धास्ती आणि घरात लगेच पगार यायची निकड अशी तीन कारणे आहेत. त्यातले तिसरे खरे आहे. पहिल्या दोहोंवर औषध आहे, आणि ते वेळेत घेतले नाही तर पुढे जवान म्हणून भरती झाल्यावरही घ्यावेच लागते.

आता आतल्या वाटा. जवानाला अधिकारी करणारा मुख्य दरवाजा आर्मी कॅडेट कॉलेज, बोलीभाषेत एसीसी. त्याचे मूळ मध्य प्रदेशातल्या नौगाव इथे १९२९ साली पायाभरणी झालेल्या किचनर कॉलेजात आहे. १६ मे १९६० रोजी त्याचे आर्मी कॅडेट कॉलेज झाले, मधली काही वर्षे ते पुण्यात होते आणि १९७७ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या आवारात गेले. अटी सरळ आहेत: वय वीस ते सत्तावीस, बारावी पास, किमान दोन वर्षांची नोकरी. लेखी परीक्षा, मग एसएसबी, मग मेडिकल. निवड झाली की तीन वर्षे एसीसीत, तिथे जेएनयूची पदवी मिळते, आणि चौथे वर्ष अकॅडमीत. लष्करातला जवान, नौदलाचा खलाशी आणि हवाई दलाचा एअरमन, तिघांनाही हा दरवाजा उघडा आहे; मात्र आत गेल्यावर बाहेर पडताना सगळ्यांच्या अंगावर लष्कराचीच वर्दी असते.

दुसरा दरवाजा स्पेशल कमिशन्ड ऑफिसरचा. अठ्ठावीस ते पस्तीस वयाच्या आणि किमान पाच वर्षे नोकरी झालेल्या जवानांसाठी. तिसरा परमनंट कमिशन स्पेशल लिस्ट. तो तिशी ते बेचाळिशीतल्या, दहा वर्षे नोकरी केलेल्या हवालदार-सुभेदारांसाठी. यातून आलेले अधिकारी बहुधा क्वार्टरमास्टर होतात किंवा रेकॉर्ड ऑफिसात काम पाहतात. म्हणजे सत्ताविसावे उलटले म्हणून दार कायमचे बंद होत नाही, फक्त आत गेल्यावर मिळणारी खोली बदलते.

आणि एक चौथी गोष्ट, जिची गावाकडे नेहमी गल्लत होते. प्रजासत्ताक दिनाला किंवा स्वातंत्र्यदिनाला निवडक सुभेदार-सुभेदार मेजरांना ऑनररी लेफ्टनंट, ऑनररी कॅप्टन ही पदवी मिळते. कारगिलचे परमवीर योगेंद्रसिंह यादव यांना २०२१ मध्ये ऑनररी कॅप्टन केले गेले. मान मोठा आहे, पण तो सेवेच्या शेवटी मिळणारा सन्मान आहे. त्याच्यावर करिअरचे गणित मांडता येत नाही. घरावर ‘कॅप्टन’ ही पाटी पाहून पोरगा म्हणतो, काकाही जवानाचे कॅप्टन झाले, मीही होईन. काकांनी त्यासाठी उभे आयुष्य दिलेले असते.

पोस्टचा मुद्दा इथून सुरू होतो. एसीसीच्या अटींकडे पुन्हा पाहा: वय, बारावी, दोन वर्षे. त्यात जीडी असावा, टेक्निकल असावा, क्लार्क असावा असे कुठेही नाही. बूट पॉलिश करणाऱ्या ट्रेड्समनलाही दार तेवढेच उघडे. शिवाय अकॅडमीतून बाहेर पडताना कोणत्या शाखेत जायचे ते गुणवत्ता, पसंती आणि शिल्लक जागा यांवर ठरते. जुनी पोस्ट पायाला बांधलेली नसते. होशियार सिंह १९५७ मध्ये जाट रेजिमेंटमध्ये साधे जवान म्हणून दाखल झाले, १९६३ साली कमिशन मिळाले ते ग्रेनेडियर्समध्ये, आणि डिसेंबर १९७१ मध्ये शकरगढ भागात बसंतर नदीपार जरपालची लढाई लढून त्यांनी हयातीत परमवीरचक्र मिळवले.

मग पोस्टला महत्त्व नाही का? आहे, पण वेगळ्या कारणाने. ती ठरवते रोज किती वेळ मिळणार, डोके कशात गुंतणार, आणि अधिकारी झालाच नाहीत तर सेवेची उरलेली वर्षे काय करत काढणार.

जीडी म्हणजे जनरल ड्यूटी, सैन्याचा कणा. दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ एवढे पुरते, म्हणून अर्जांचा लोंढाही इथेच. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, कामठीचे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र, अहिल्यानगरचे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र, नाशिक रोडचे तोफखान्याचे केंद्र, ही सगळी नावे महाराष्ट्रातल्या घराघरांत ओळखीची आहेत ती जीडीमुळे. जीडी जवानाला हत्यार, माणसे आणि जमीन या तीन गोष्टी जवळून कळतात. सेक्शनमध्ये कोण घाबरतो, कोण थकल्यावर चिडतो, कोण न सांगता दुसऱ्याचा बोजा उचलतो, हे त्याला दोन हिवाळ्यांत समजते. एसएसबीत ‘ऑफिसर लाइक क्वालिटीज’ म्हणून जे पंधरा गुण पाहतात, त्यातल्या निम्म्यांचा सराव इथे आपोआप होतो. अडचण वेळेची. सकाळी पीटी, मग परेड किंवा फटीग, दर काही दिवसांनी गार्ड, संध्याकाळी रोल कॉल. फील्ड पोस्टिंग असेल तर महिनोन्‌महिने उंचावरच्या चौकीत; तिथे इंग्रजीचे पुस्तक उघडून बसणे हा निर्धाराचा भाग आहे, सोयीचा नाही. आणि बारावी झालेली नसेल तर आधी तीच करावी लागते.

याच्या बरोबर उलट क्लार्क, ज्याला जाहिरातीत आता ऑफिस असिस्टंट म्हणतात. बारावीला ६० टक्के, प्रत्येक विषयात ५०, इंग्रजी आणि गणित किंवा बुककीपिंगमध्येही तेवढेच. अलीकडे टायपिंगची चाचणीही असते. म्हणजे इथे येणारा आधीच एसीसीच्या शैक्षणिक अटीपलीकडे असतो. पलटणीच्या ऑफिसात त्याच्या टेबलावरून काय काय जाते ते पाहा: रजेची प्रमाणपत्रे, कोणाचे लग्न झाले, कोणाला मूल झाले याची नोंद करणाऱ्या पार्ट टू ऑर्डर, वरच्या मुख्यालयाची पत्रे, कोर्सची नामांकने. सगळा व्यवहार इंग्रजीत. एसीसीच्या परीक्षेचे पत्र पलटणीत येते तेव्हा ते सर्वात आधी वाचणारा क्लार्क असतो. चौकीवरच्या जीडीला ते कधी कळते, कधी मुदत संपल्यावर कळते. शिवाय सीओ साहेब, ॲडज्युटंट यांच्याशी त्याचा रोजचा संबंध. साहेब लोक कसे विचार करतात, निर्णय कसा लिहून देतात, हे त्याला न शिकवता समजते.

पण क्लार्कगिरीत एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. नोकरी आरामाची वाटू लागते. पीटीला दांडी, पोट सुटलेले, फाइलींत डोके. एसएसबीच्या ग्राउंडवर ग्रुप टास्कच्या वेळी फळी उचलून पुढे धावायची वेळ आली, की दोन वर्षांची खुर्ची अंगात उतरलेली दिसते. ज्याला क्लार्क होऊन अधिकारी व्हायचे आहे, त्याने पलटणीच्या फुटबॉल नाहीतर क्रॉस-कंट्रीच्या संघात नाव घालावे. टीमही मिळते, दमही टिकतो.

टेक्निकलला बारावी विज्ञान, किंवा दहावी आणि आयटीआय-डिप्लोमा. सिग्नल्स, ईएमई, इंजिनिअर्स अशा शाखांत यंत्रांशी काम. यात खरा फायदा हा, की हातात हुनर येते; बाहेर पडल्यावर बाजारात त्याला भाव असतो. आणि त्या हुनराने नुसते पोटच भरते असे नाही, याचा दाखला आपल्याच मातीतला आहे.

राम राघोबा राणे कारवारकडचे. १० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले, ज्यांचे केंद्र पुण्याच्या खडकीला आहे. भरतीनंतरच्या प्रशिक्षणात उत्तम रिक्रूट ठरले, महायुद्धात ब्रह्मदेशात लढले, हवालदार झाले, मग त्यापुढच्या हुद्द्यावर गेले, आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले, तेही त्यांच्याच कोर ऑफ इंजिनिअर्समध्ये. चार महिने झाले नाहीत तोच एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. रस्त्यावर भूसुरुंग पेरलेले, झाडे तोडून आडवी टाकलेली, वरच्या डोंगरांवरून मशीनगनचा मारा. ८ ते ११ एप्रिल या चार दिवसांत राणे आणि त्यांच्या माणसांनी ती वाट मोकळी केली. एका टप्प्यावर ते पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्यासोबत सरपटत गेले, आणि थांब-चलची खूण चालकाला दोरी ओढून दिली, असे त्या दिवसांचे वर्णन आहे. जवान असताना सात वर्षे जे काम हातांनी केले, तेच अधिकारी झाल्यावर छातीवर परमवीरचक्र घेऊन आले. खडकीच्या सॅपर केंद्रात भरती होणाऱ्या मुलाला ‘सॅपर म्हणजे फावडे’ असे कोणी हिणवले, तर त्याला राणे यांचे नाव पुरे.

त्याच राण्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कमिशन मिळाले तेव्हा ते २९ वर्षांचे होते. १९६८ मध्ये निवृत्त झाले ते मेजर म्हणून. परमवीरचक्र असूनही.

आजचे नियम वेगळे आहेत, तरी वयाचा हिशेब तसाच चालतो. कमिशननंतर दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल हे टप्पे सेवेच्या कालावधीवर मिळतात. त्यापुढे कर्नल व्हायला निवड मंडळाची पायरी आहे. एनडीएतून आलेला साधारण बाविसाव्या वर्षी कमिशन घेतो, म्हणजे पस्तिशीत लेफ्टनंट कर्नल. अठराव्या वर्षी जवान झालेला मुलगा तेविसाव्या वर्षी एसीसीत निवडला गेला, तर सत्ताविसाव्या वर्षी कमिशन आणि चाळिशीत लेफ्टनंट कर्नल. सत्ताविसाव्या वर्षी कसाबसा निवडला गेला, तर तोच टप्पा चव्वेचाळिसाव्या वर्षी. कर्नलचे निवृत्तीचे वय ५४. म्हणजे प्रत्येक हुकलेला प्रयत्न पुढच्या रँकमधून वर्ष कापून घेतो. ‘दोन-तीन वर्षे नोकरी करतो, मग बघू’ असे म्हणणाऱ्याला ही बेरीज कोणी करून दाखवत नाही.

पैशाच्या बाजूने पाहिले तर मात्र उशिराही झालेले कमिशन महाग पडत नाही. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होते, लेफ्टनंटचे ५६,१०० पासून. त्यावर लष्करी सेवा भत्ता शिपायाला ५,२०० तर अधिकाऱ्याला १५,५००. घरची जबाबदारी असलेल्या मुलासाठी एसीसीची वाट याच कारणाने प्रामाणिक आहे: आधी घर सावरते, मग साहेबपण.

ट्रेड्समनकडे वळू. शेफ, स्टुअर्ड, धोबी, न्हावी, शिंपी अशी कामे. काहींना दहावी, हाउसकीपर आणि मेसकीपरला आठवी. या मुलांना एसीसीची स्वप्ने दाखवताना जरा सांभाळून बोलावे. दार बंद नाही, पण आठवी पासला आधी दहावी, मग बारावी असे दोन जिने चढायचे असतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते चढता येतात. फक्त ‘कशीही भरती होऊ दे, पुढे बघू’ म्हणून बारावी विज्ञान झालेल्या पोराने ट्रेड्समनचा फॉर्म भरणे हा स्वतःवर अन्याय आहे, आणि दरवर्षी असे फॉर्म भरले जातात.

आता सगळ्यांत मोठा बदल. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि वर सांगितलेल्या बहुतेक पोस्ट चार वर्षांच्या झाल्या. पहिल्या वर्षी दरमहा ३०,०००, चौथ्या वर्षी ४०,०००. शेवटी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी. त्यापैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे नियमित सेवेत. चार वर्षे लग्न करता येत नाही. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला सुरू झाले. अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ असा, की आतली वाट चालायला हातात वेळ आहे की नाही हेच अनिश्चित झाले. जुना जवान वीस ते सत्तावीस या सात वर्षांत पुन्हा पुन्हा प्रयत्न करू शकत होता. चार वर्षांनी घरी आलेल्या अग्निवीरासाठी पलटणीतले दरवाजेच मागे राहतात.

म्हणून अग्निवीर होणाऱ्याने आतल्या दारापेक्षा बाहेरच्या दाराची तयारी पहिल्या दिवसापासून करावी. साडेसतरा-अठराव्या वर्षी भरती झालेला मुलगा बाविसाव्या वर्षी मोकळा होतो. त्या चार वर्षांत इग्नूची पदवी पूर्ण केली, ज्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे धरले जातात, तर सीडीएस देण्यासाठी त्याच्याकडे दोन-तीन वर्षे उरतात. अंगात चार वर्षांची शिस्त, सेवानिधीतून तयारीचा खर्च, हातात पदवी. ही वाट अजून फारशी कोणी चाललेली नाही. पण कागदावर ती एसीसीपेक्षा लहान आहे.

यातच एक गोष्ट लपलेली आहे आणि अकॅडम्यांचे सर ती क्वचित सांगतात. काही पोस्ट अजूनही अग्निवीरच्या बाहेर, नियमित सेवेच्या आहेत. लष्करात नर्सिंग असिस्टंट, ज्याला बारावी जीवशास्त्रासह विज्ञान लागते. शिपाई फार्मा, ज्याला डी.फार्म लागते. नौदलात आणि हवाई दलात मेडिकल असिस्टंट. पदवीधरांसाठी आर्मी एज्युकेशन कोरचा हवालदार, जो जवानांना शिकवतो आणि त्यासाठी स्वतः वाचत राहतो, कार्टोग्राफर हवालदार, आणि धर्मशिक्षक, जो थेट ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर म्हणूनच येतो. यांपैकी नर्सिंग असिस्टंट ही पोस्ट, आतल्या वाटेने अधिकारी होऊ पाहणाऱ्या बारावी विज्ञानाच्या मुलासाठी, आजच्या घडीला सगळ्यांत शहाणपणाची दिसते. नोकरी लांबची, बहुतेक वेळ मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, म्हणजे पुस्तक उघडता येईल अशा ठिकाणी; रोज डॉक्टर अधिकाऱ्यांसोबत काम; आणि एसीसी हुकली तरी हातात असे काम, ज्याला निवृत्तीनंतर कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात मागणी आहे. तरी भरतीच्या ग्राउंडवर याची चर्चा जीडीच्या दहावा हिस्साही नसते. ‘मिलिटरीत जाऊन इंजेक्शनच टोचायचे का?’ ही त्यामागची मर्दानी अडचण.

नौदलात खलाशाची सुरुवात ओडिशातल्या आयएनएस चिल्कापासून होते, आणि खलाशातून अधिकारी करणारी ‘कमिशन वर्दी’ (Commission Worthy) नावाची योजना तिथेही आहे; निवड झालेले केरळातल्या एझिमला इथल्या नौदल अकॅडमीत जातात. हवाई दलाच्या एअरमनचे पहिले प्रशिक्षण बेळगावजवळच्या सांबऱ्याला. कामाचे स्वरूप तांत्रिक, तळ बहुधा शहराच्या जवळ, म्हणून शिकत राहायला जागा बरी. सीडीएस किंवा एअरफोर्स कॉमन ॲडमिशन टेस्टची तयारी तिथे सहज बसते. मुलींसाठी लष्करातली जवानाची पोस्ट मिलिटरी पोलिसपुरतीच आहे. त्यांचा पहिला ८३ जणींचा गट मे २०२१ मध्ये बंगळुरूतून बाहेर पडला. मुलींनी मात्र अधिकारी व्हायचे असेल तर जवानाच्या वाटेचा विचारच का करावा? ऑगस्ट २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीए खुली झाली आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा मुली खडकवासल्यातून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

उरतो एसएसबीचा प्रश्न, जिथे पोस्ट नव्हे तर माणूस तपासला जातो. भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज, कपूरथळा, पाच दिवस. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटात बसून ती मांडायची. निम्म्याहून जास्त मुले इथेच स्क्रीन आउट होऊन संध्याकाळची गाडी पकडतात. राहिलेल्यांना पुढे साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचे. साठ प्रसंग, तीस मिनिटे. मग मैदान, मुलाखत आणि शेवटची कॉन्फरन्स.

जवानाची जमेची बाजू इथे मोठी असते. त्याला थंडी, भूक, जागरण, वरिष्ठांची बोलणी यांचे अप्रूप नसते. सांगायला खरे प्रसंग असतात. पण दोन-तीन वर्षांत ‘जी साहब’ जिभेवर असे बसलेले असते, की गटचर्चेत समोरच्याला ‘तुझे म्हणणे मला पटत नाही’ हे नीट शब्दांत सांगता येत नाही. हुकूम झेलण्यात जो जितका तरबेज, त्याला हुकूम देणाऱ्याची भाषा तितकी परकी. कोणतीही पोस्ट असो, ही सवय मोडायची जागा पलटणीतच शोधावी लागते: क्लास घेणे, खेळाच्या टीमचे नेतृत्व, नव्या रंगरुटांना शिकवणे. अशी कामे पलटणीत फारशी कोणाला नको असतात, म्हणून मागणाऱ्याला सहज मिळतात.

भरती कार्यालयात शेवटी काय होते, हेही लक्षात घ्यावे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर ही लष्कराची भरती कार्यालये. कोल्हापूरच्या कार्यालयाकडे कोकणातले दोन जिल्हे आणि गोवाही. तिथे पोस्ट मिळते ती शिक्षण, ऑनलाइन परीक्षेतले गुण आणि त्या वर्षीच्या जागा पाहून. आवडीने निवडण्याइतका वाव फॉर्म भरतानाच असतो, नंतर नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी एक साधा हिशेब करावा: अधिकारी होण्याचे सगळे प्रयत्न फसले, असे धरून चालले, तरी ही पोस्ट मला, चार वर्षे असो की पंधरा, करता येईल का? उत्तर ‘नाही’ आले तर ती पोस्ट घेऊ नये, मग एसएसबीच्या दृष्टीने ती कितीही फायद्याची असो. कारण एसीसीला बसणाऱ्यांपैकी बहुतेकांची निवड होत नाही, आणि ते जवान म्हणूनच निवृत्त होतात.

बारावीत असलेल्या मुलांच्या आईवडिलांना एवढेच सांगणे आहे: भरतीचा फॉर्म भरायला जाल तेव्हा एनडीएचाही भरा. अग्निवीरची भरती आणि एनडीएची परीक्षा एकमेकांच्या आड येत नाहीत. भरती झालेला मुलगाही कमांडिंग ऑफिसरला कळवून यूपीएससीची ही परीक्षा देऊ शकतो. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. वयाची साडेएकोणीस वर्षे उलटली, की ती देता येत नाही.